केसभर वाकडी पुली

अक्का, तुमच्या दहाव्याला पालममधली निम्मी बायकामाणसं घरी येऊन गेली. जो तो एकच बोलत होता, बाई लय साधी होती. कुणी डोळ्याला पदर लावून म्हणालं, कुणी चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता म्हणालं. मी मान डोलावत होते, पण आतून मला राग येत होता. अठरा वर्षं मी तुमच्याबरोबर एका घरात काढली. या अठरा वर्षांत मला तुमचा हेवा वाटला, धाक वाटला, आणि एकदा तर चक्क भीती वाटली, की या बाईच्या डोक्यात आहे तरी काय. साध्या मात्र तुम्ही मला कधीच वाटल्या नाहीत. म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्ही असतानाही माझं लिहिलेलं कधी वाचत नव्हता. चष्मा शोधायचा कंटाळा करून म्हणायचात, तूच वाचून दाखव.

आपण दोघी जावा. तुम्ही थोरल्या, मी धाकटी. तुमचं माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं, वर्षातले काही महिने रानोमाळ फिरणाऱ्यांचं. चौथीत तुमची शाळा सुटली. मी आले ती डी.एड. होऊन, जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तरीण म्हणून. भावजी दिवसभर शेतात, त्यामुळे घराला लागून असलेली पिठाची गिरणी तुमच्या गळ्यात पडली. आधी तिथं एक गडी होता. तो सोडून गेला तेव्हा सगळे म्हणाले, आता गिरणी बंद. तुम्ही ती चालवायला लागलात. मोटार जळली तर कशानं जळली, पट्टा तुटला तर कुठं तुटला, हे बघत बघत शिकलात. गिरणीच्या गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावायलासुद्धा तुम्ही माणूस बोलवत नव्हता. उंबऱ्यात बसून छिन्नी-हातोडीनं स्वतः लावायचात, आणि त्या टकटकीनं माझ्या वह्या तपासायच्या राहतात म्हणून मी धुसफुसायचे.

आणखी एक सांगून टाकते, कारण आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही. माझ्या शाळेतल्या बाई घरी आल्या की तुम्ही पिठानं माखलेल्या अवस्थेत त्यांच्यासमोर येऊ नये असं मला वाटायचं. मी तोंडानं कधी बोलले नाही. पण तुम्हाला ते कळत होतं. माझ्याकडे पाहुण्या आल्या की तुम्ही गिरणीतून मागच्या दारानं आत जायचात, हातपाय धुऊन चहा ठेवायचात, आणि तो माझ्या लेकीच्या हातानं बाहेर पाठवायचात. वर्षानुवर्षं असं चाललं. मी कधी म्हणाले नाही, अक्का, पुढच्या दारानं या.

मग माझी स्कुटी घसरली. काळ्या रानातला रस्ता, चिखल, समोरून ट्रॅक्टर. डाव्या दंडात सळई बसली. हात जागेवर आला, पण त्यातला जोर गेला तो गेलाच. वाटी उचलता यायची, भरलेला तांब्या नाही. शाळा चौदा किलोमीटर आत, आणि सकाळची एस.टी. पोचायची ती प्रार्थना संपल्यावर. तेव्हा ह्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली. तिच्यात बाकी काही धड नव्हतं, पण पॉवर स्टिअरिंग होतं. माझी नोकरी त्या एका गोष्टीवर उभी होती असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

गाडी दारात आली त्या दिवशी सगळ्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. तुम्ही मात्र सगळे आत गेल्यावर माझ्या जागेवर येऊन बसलात आणि गाडी बंद असताना स्टिअरिंगचं चाक फिरवून पाहिलंत. फिरेना. मग मला म्हणालात, सुरू कर. गाडी सुरू झाली आणि तुम्ही एका बोटानं चाक फिरवलंत. तुमच्या तोंडावरचा तो भाव मला अजून दिसतो. आनंद नव्हता तो. कुणीतरी कोडं घातल्यावर माणूस जसा गप्प होतो, तसा होता.

"हा जोर कुणाचा?" तुम्ही विचारलंत.

मी विज्ञान शिकवणारी. सांगितलं की आत तेल असतं, त्या तेलाच्या दाबानं चाकं वळतात. तेलाला दाब कुठून आला म्हणालात. मी म्हणाले पंपातून. पंपाला कुठून आला. पट्ट्यावरून. पट्ट्याला कुठून. इंजिनातून. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मग जोर इंजिनाचाच की. तेल नुसतं हमाल हाय."

त्यावरून आपण तीन वर्षं भांडलो. मी पुस्तक आणून द्रवाचा दाब समजावला, आकृती काढून दाखवली. तुम्ही सगळं ऐकून घ्यायचात आणि शेवटी पुन्हा हमालावरच यायचात. कधी भाकरी थापताना, कधी कपडे वाळत घालताना. एकदा म्हणालात, "बरं, गाडी सरळ चालायलीय तवा ते तेल काय करतं? चाक तर कुणी फिरवंना. पंप तर फिरायलाय. मग तेल जातं कुठं?" मला उत्तर येत नव्हतं. येत नाही म्हणायची लाज वाटली. बघून सांगते म्हणाले आणि विषय बदलला.

मागच्याच्या मागच्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि गाडी किंचाळायला लागली. वळण घेतलं की बोनेटखालून कर्र असा आवाज. मग एका सकाळी शाळेच्या अलीकडं काहीतरी फटकन तुटलं आणि चाक एकाएकी दगडासारखं झालं. मी उजव्या हातानं, छातीनं, दातओठ खाऊन गाडी कशीबशी कडेला घेतली. पट्टा तुटला होता. बाभळीखाली बसून मी रडले, हे मी कुणालाच सांगितलं नाही.

गॅरेजवाल्यानं नवा पट्टा टाकला. आठ दिवसांत त्याच्याही चिंध्या झाल्या. तिसरा टाकला, तोही चालला नाही. माणूस वाईट नव्हता, पण त्यानं सांगितलं, पंप गेलाय, या जुन्या गाडीचा पंप मिळायचा न्हाई, मिळाला तरी या गाडीवर एवढं घालण्यात अर्थ न्हाई. ह्यांनी गाडी विकायचं ठरवलं. मला म्हणाले, बदलीचा अर्ज कर, नाहीतर सरळ रजेवर जा. माझ्या वर्गात तेव्हा एकवीस पोरं होती आणि त्यांच्यासाठी दुसरा शिक्षक नव्हता. त्या दिवशी मी जेवले नाही. तुम्ही ताट झाकून ठेवलंत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही गॅरेजवर माझ्याबरोबर आलात. मला वाटलं, सोबत म्हणून आलात. तुम्ही कोपऱ्यात पडलेला तुटका पट्टा उचललात, बोटांवरून फिरवलात, उजेडाकडं धरलात. मग म्हणालात, "पट्टा एकाच कडेनं खाल्लाय." गॅरेजवाला हसला. तुम्ही त्याच्या हसण्याकडं लक्ष दिलं नाही. गाडीला पट्टा नव्हताच, म्हणून पंपाची पुली हातानं फिरवता येत होती. तुम्ही खराट्याची काडी तिच्या कडेपाशी धरलीत, हात बाजूच्या लोखंडावर टेकवून अगदी स्थिर, आणि दुसऱ्या हातानं पुली सावकाश फिरवलीत. काडी आणि पुलीत फट पडायची, मिटायची, पुन्हा पडायची. मग पुलीच्या मधला दांडा चिमटीत धरून हलवलात, फिरवलात.

"पंप चांगला हाय," तुम्ही म्हणालात. "दांडा हलंना, आत खरखर न्हाई. पुली वाकडी हाय. केसभर."

गॅरेजवाला म्हणाला, "बाई, ही गिरणी न्हाई."

आणि मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हणाले, "राहू द्या अक्का, गाडीचं वेगळं असतं." त्याच्यासमोर म्हणाले. तुम्ही काडी खाली टाकलीत, पदराला हात पुसलेत आणि घराकडं चालू लागलात. त्या वाक्याची माफी मी मागितली नाही. पुढं तुमचं म्हणणं खरं ठरलं तेव्हाही नाही. तुमचं म्हणणं खरं ठरल्यानं ते वाक्य आपोआप पुसलं गेलं अशी मी माझी समजूत करून घेतली.

तीन दिवस मी एस.टी.नं उशिरा पोचले. चौथ्या दिवशी सकाळी तुमच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, पुली कुठं मिळेल. तुम्ही चुलीतलं लाकूड पुढं सारून म्हणालात, परभणीला. जणू मी विचारायचीच तुम्ही वाट बघत होता. शनिवारी शाळा लवकर सुटल्यावर आपण दोघी बसनं गेलो. तुमच्या पिशवीत जुन्या पुलीच्या घेराएवढा दोरा होता आणि दांड्याच्या जाडीची तासलेली काडी. हे माप तुम्ही कधी घेतलंत ते मला ठाऊक नाही. मी शाळेत असताना तुम्ही एकट्याच गाडीपाशी गेला असणार.

दुकानदारानं पहिली पुली दिली. तुम्ही ती काउंटरच्या काचेवर चपटी ठेवलीत, बोटानं एका कडेला दाबलीत. ती किंचित डुलली. तुम्ही बाजूला सारलीत. दुसरी बसली नीट, पण तिचं भोक काडीला ढिलं होतं. दुकानदार वैतागला. तिसरी तुम्ही घेतलीत. पैसे देताना त्यानं विचारलं, कुठल्या गॅरेजच्या? तुम्ही म्हणालात, "गिरणीच्या." त्याला काही कळलं नाही. मला हसू आलं आणि त्या हसण्यात पहिल्यांदाच तुमचा अभिमान होता, हेही मी बोलले नाही.

रविवारी गिरणी बंद ठेवलीत. गाडी गॅरेजवरून आणून गिरणीच्या सावलीला घेतली. भावजींनी पुढचं एक चाक काढून गाडी लाकडी ठोकळ्यांवर टेकवली, बॅटरीची तार सोडली. पंपाचे बोल्ट ढिले करून तुम्ही तो वर वळवून घेतलात आणि तेलाच्या नळ्यांना ताण पडू नये म्हणून सुतळीनं बांधून ठेवलात. माझं काम फक्त हातात देणं आणि धरणं.

पुली काढायच्या आधी तुम्ही जे केलंत ते मी आजवर निदान दहा जणांना सांगितलं आहे. पुली आत किती खोल बसली आहे हे मोजायला हवं होतं, म्हणजे नवी तेवढीच बसवता आली असती. पण जुनी तर वाकडी. एका बाजूनं मोजलं तर एक माप, दुसऱ्या बाजूनं दुसरं. तुम्ही दोन काड्या घेतल्यात. पुली फिरवत जिथं पंप आणि पुलीतली फट सगळ्यात जास्त तिथल्या मापाची एक तोडलीत, जिथं सगळ्यात कमी तिथली दुसरी. मग तिसरी काडी त्या दोन्हींच्या बरोबर मधल्या लांबीची तोडलीत. म्हणालात, हे खरं माप. मी तेव्हा सहावीला सरासरी शिकवत होते. अर्ध्या वर्गाला ती कळत नव्हती. तुम्हाला तो शब्दही माहीत नव्हता.

गिरणीतला बेरिंग ओढायचा तीन पायांचा पुलर लावला. पुली हलेना. भावजी हातोडा घेऊन आले. तुम्ही त्यांचा हात धरलात.

"ठोकायचं न्हाई. दणका पंपाच्या आत जातो."

मग तुम्ही कडेनं तेल सोडलंत, पुलरचा स्क्रू ताणून ठेवलात आणि म्हणालात, आता चहा घेऊ. भावजी चिडले. अर्धा तास कुणी काही करत नव्हतं. तुम्ही पोत्यावर मांडी घालून बसला होतात, लोखंडाकडं बघत, आणि मला वाटलं, मेंढरू विणायला लागलं की तुमच्या माहेरची माणसं अशीच बसत असतील. हात न लावता, नजर न काढता. चहा झाल्यावर स्क्रूला पाव वेढा दिलात. पुन्हा थांबलात. पुन्हा पाव वेढा. आणि टक् असा एक बारीक आवाज झाला. पुढं ती लोण्यातून निघावी तशी निघाली.

जुनी पुली उलटी केली तर मधल्या गोलाला जिथं जोड दिलेला होता तिथं चीर होती. नखानं चाचपल्याशिवाय कळणार नाही एवढी. तुम्ही ती मला दाखवलीत. 'बघ, मी म्हणले नव्हते का' असं काही नाही. नुसती दाखवलीत.

नवी बसवायलाही हातोडा नव्हता. पंपाच्या दांड्याला आतून आटे होते. त्या आट्यांत बसणारा लांब बोल्ट तुमच्या डब्यात निघाला. त्यावर वायसर आणि नट घालून तुम्ही नट आवळत गेलात, तशी पुली दांड्यावर आत सरकत गेली. दर दोन वेढ्यांनी काडी लावून बघायचात. माप जुळलं, पंप जागेवर बसला, पण तुमचं समाधान होईना. मग दोरा काढलात. वरचं टोक मी नव्या पुलीच्या तोंडावर धरलं. खालचं तुम्ही चाकाच्या मोकळ्या जागेतून हात घालून इंजिनाच्या मोठ्या पुलीवर धरलंत. दोरा दोन्हींना सपाट लागायला हवा होता. लागला. मला तरी तसं वाटलं. तुम्ही खालून म्हणालात, "तुझ्याकडं उजेड दिसायलाय का दोऱ्याखाली?" मी डोळा लावून बघितलं. दिसत होता. नसल्यासारखाच, पण होता. तुम्ही पंप पुन्हा सोडलात आणि नट अजून जरासा फिरवलात.

मी तेव्हा तुमच्या हातांकडं बघत होते. तोवर सोळा वर्षं ते हात माझ्या ताटात वाढत होते, बाळंतपणात माझं अंग चोळत होते, आणि मला ते कधी दिसलेच नव्हते. तीच ती भीती, जी मी सुरुवातीला म्हणाले. एवढं मोठं काहीतरी माझ्या शेजारच्या खोलीत राहत होतं आणि मी वह्या तपासत बसले होते.

पट्टा चढवून अंगठ्यानं दाबून बघितलात. मग भावजींनी चाक चढवून तार जोडल्यावर मला गाडीत बसवलंत आणि म्हणालात, डाव्या हातानं फिरव, उजवा मांडीवर ठेव. गाडी सुरू झाली. आवाज नाही. मी डाव्या हातानं चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. तुम्ही खिडकीशी उभ्या होतात. मला खूप बोलायचं होतं. मी म्हणाले, "झालं वाटतं." तुम्ही म्हणालात, "हं," आणि राखेनं हात घासायला गेलात. एक बाई ज्वारीचा डबा घेऊन कधीची दारात बसली होती, रविवार असूनही तुम्ही तिला दळून दिलंत.

त्या पट्ट्यावर गाडी दोन वर्षं चालली, अजून चालते आहे. गॅरेजवाल्यानं एकदा बोनेट उघडून नवी पुली निरखून बघितली. पुढं तो स्वतः कुठल्या कुठल्या गाड्यांचे घासलेले पट्टे घेऊन गिरणीवर यायला लागला, आणि तुम्ही दळण न थांबवता, पट्टा बोटांवरून फिरवून त्याला सांगायचात. तुमच्या दहाव्याला तो सगळ्यात मागं उभा होता. तो साधी वगैरे काही म्हणाला नाही.

मधे एकदा तुम्ही म्हणाला होतात, मला शिकव की चालवायला. मी सुट्टीत शिकवते म्हणाले. तीन सुट्ट्या गेल्या. दुसऱ्यांदा तुम्ही विचारलं नाहीत. मी विचारायला हवं होतं.

आणि ते तेल. तुम्ही गेल्यावर आठवड्यानं मी गॅरेजवर जाऊन विचारलं, घरी येऊन वाचलं. अक्का, आत एक झडप असते. चाक सरळ असलं की तिच्या दोन्ही वाटा सारख्या उघड्या असतात, तेल आलं तसं फिरून परत डब्यात जातं. चाक वळवलं की एक वाट मिटते आणि तेल एकाच बाजूला रेटा देतं. जोर इंजिनाचा, रेटा तेलाचा, आणि किती लागणार ते ठरतं हाताच्या वळण्यावर. म्हणजे तुमचं बरोबर होतं, माझंही थोडं होतं. यावर तुम्ही काय म्हणाला असता याचा अंदाज मी करून बघते आणि मला जमत नाही. तुम्ही नेहमी माझ्या अंदाजाच्या पुढंच असायचात.

त्या सकाळी तुम्ही दगडाला टाकी लावत होतात. टकटक थांबली म्हणून मी बाहेर आले. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात, घामानं पीठ गालावर ओलं झालेलं. पालमच्या डॉक्टरांनी हात लावला आणि सांगितलं, थांबू नका, परभणीला न्या. घरात पुरुषमाणूस नव्हतं. गाडी मी काढली. तुम्ही मागं आडव्या व्हायला तयार नव्हता, माझ्या शेजारी बसलात.

गंगाखेड मागं पडलं. तुमचा श्वास मला इंजिनाच्या आवाजातही ऐकू येत होता. पोखर्णीचा फाटा आला तेव्हा तुम्ही तिथल्या नरसिंहाच्या देवळाच्या दिशेनं हात जोडलेत आणि ते पुन्हा छातीवर घेतलेत. पुढं रस्त्याचं काम चाललं होतं. वळण, खड्डा, पुन्हा वळण, मी दोन्ही हातांनी चाक फिरवत होते. तुम्ही डोळे मिटले असतील असं मला वाटलं. पण तुम्ही माझ्या डाव्या हाताकडं बघत होता.

"सुनंदा," तुम्ही म्हणालात, "हाताला तरास तर होईना ना?"

मी म्हणाले, नाही अक्का. आणि खरंच होत नव्हता.